लॉटरी, मीटर आणि ऑडिटर: स्पॅम फिल्टर नेमका कुठे चुकतो?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सध्या एखादी इमारत पाडली जातेय, एखादी उभी राहतेय आणि तिसरीचे सभासद अजून बिल्डर निवडताहेत. म्हाडाच्या या जुन्या वसाहतीतल्या सोसायट्यांचा बराचसा व्यवहार आता मेलवर चालतो. बिल्डरचं ऑफर लेटर, प्रकल्प सल्लागाराचा अहवाल, आर्किटेक्टने सुधारून पाठवलेले नकाशे, उपनिबंधक कार्यालयाचं पत्र, पाण्याच्या मीटरची तक्रार, ऑडिटरच्या शंका, सगळं एकाच मेलपेटीत येऊन पडतं. आणि तिथेच सेक्रेटरींना एक कोडं पडतं. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने पंचवीस लाखांचं बक्षीस देऊ केल्याचा मेल इनबॉक्समध्ये अगदी वर असतो. आर्किटेक्टचे नकाशे मात्र स्पॅममध्ये सापडतात, तेही सभा उरकल्यावर.

मग सुरू होतं ते बटणं दाबणं. नको तो मेल दिसला की ‘स्पॅम’ दाबायचं, हवा तो अडकला की बाहेर काढायचा. महिनाभर हे करूनही फरक पडला नाही की माणूस म्हणतो, या फिल्टरला काही अक्कलच नाही. त्यात तथ्य आहे, कारण फिल्टरला अक्कल नसतेच. त्याच्याकडे असतो फक्त हिशेब, आणि तो हिशेब सहसा बरोबर असतो. गडबड असते ती हिशेबात घातलेल्या आकड्यांत: त्याला कोणते मेल दाखवले, कुणाच्या नावाने दाखवले आणि त्याने त्यातले शब्द कसे तोडले. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांच्या बाबतीत तर या तिसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही.

गुणपत्रिका आणि अनुभव

नको असलेला मेल ही काही नवी पीडा नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटपूर्व संगणक-जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी पाठवली. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपण मेल वापरायला लागलो तेव्हा हा रोग सतरा वर्षांचा झालेला होता.

त्यावरचा पहिला इलाज म्हणजे नियम. विषयाची ओळ सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत असेल तर इतके गुण, पाठवणाऱ्याचा सर्व्हर बदनाम यादीत असेल तर इतके, मजकुरात नुसतंच चित्र असेल तर इतके. सगळ्या गुणांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मेल स्पॅम. स्पॅमअसॅसिन हा फुकट मिळणारा आणि जगभर वापरला जाणारा फिल्टर २००१ साली आला तो याच पद्धतीने. डोमेन आणि स्वस्तातलं होस्टिंग घेणाऱ्या सोसायट्या, क्लासेस आणि छोटे कारखाने यांच्या मेलमागे आजही बऱ्याचदा तोच बसलेला असतो. त्याची नेहमीची मर्यादा ५ गुणांची असते.

नियम शिळे होतात, हा त्यांचा मोठा दोष. स्पॅमअसॅसिनमध्येच एक नियम होता: मेलवरची तारीख भविष्यातली वाटली तर दंडाचे गुण लावायचे. नियम लिहिणाऱ्याने २०१० पासून पुढची सगळी वर्षं ‘भविष्यातली’ धरली होती. १ जानेवारी २०१० उजाडला आणि ज्यांनी नियम अद्ययावत केले नव्हते त्यांच्याकडे जगातला प्रत्येक प्रामाणिक मेल त्या दंडाला पात्र ठरला. म्हणून फिल्टर बिघडल्याची शंका आली की पहिली विचारणा हीच करावी, की याचे नियम शेवटचे कधी ताजे केले?

दुसरा इलाज अनुभवाचा. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झाला. हाती आलेल्या पुराव्यानुसार आपला अंदाज किती बदलावा, याचं गणित त्यात होतं. १९९८ मध्ये मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मेलला लावून दाखवलं. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात तीच कल्पना सोपी करून मांडली आणि मग ती सगळीकडे पोचली. आपण ‘स्पॅम’ किंवा ‘स्पॅम नाही’ असं बटण दाबतो तेव्हा या अनुभवाच्या वहीत नोंद होत असते.

शब्दांचा हिशेब

वही कशी चालते ते एका मेलवरून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा, फिल्टरला आपण २०० चांगले मेल आणि २०० स्पॅम मेल दाखवले. ‘लॉटरी’ हा शब्द स्पॅमपैकी ६० मेलमध्ये आला. पण आपण विक्रोळीत आहोत. इथे लॉटरी म्हटल्यावर लोकांना आठवते ती म्हाडाची सोडत. २०२४ मध्ये मुंबई मंडळाने २०३० घरांची सोडत काढली, तिच्यात कन्नमवार नगरातलीही घरं होती. त्यामुळे चांगल्या मेलपैकीही २० मध्ये ‘लॉटरी’ आहे. म्हणजे ‘लॉटरी’ दिसली की पारडं स्पॅमकडे तीनास एक असं झुकतं. ‘क्लिक’ हा शब्द ९० स्पॅममध्ये आणि १५ चांगल्या मेलमध्ये आहे, म्हणजे सहास एक. दोन्ही एकाच मेलमध्ये असतील तर गुणाकार करायचा: अठरास एक. मेल जवळजवळ बाद.

आता त्याच मेलमध्ये ‘म्हाडा’ही आहे. हा शब्द ४ स्पॅममध्ये आणि ८० चांगल्या मेलमध्ये दिसला होता, म्हणजे चांगल्याच्या बाजूने विसास एक. अठरा विरुद्ध वीस. शक्यता एकदम सत्तेचाळीस टक्क्यांवर आली. फिल्टरला काहीच ठरवता येईना. पुढे ‘कन्नमवार’ आला. तो एका स्पॅममध्ये आणि ५० चांगल्या मेलमध्ये होता, म्हणजे पन्नासास एक. आता अठरा विरुद्ध हजार, आणि स्पॅम असण्याची शक्यता उरली पावणेदोन टक्के. मेल सुखरूप इनबॉक्समध्ये.

एकटा शब्द इथे कधीच दोषी नसतो, निकाल सगळ्यांचा मिळून लागतो. आणि ‘कन्नमवार’ या शब्दाचं वजन जगातल्या दुसऱ्या कुठल्याही फिल्टरला कळणार नाही. ते फक्त या पेटीतल्या पत्रव्यवहारातून कळतं. दुसऱ्याकडून तयार वही आणून आपल्या फिल्टरला चिकटवणारे लोक आहेत. तो उद्योग करू नये. पुनर्विकासात असलेल्या सोसायटीसाठी ‘ऑफर’, ‘फ्री’, ‘कॉर्पस’, ‘चौरस फूट’ हे रोजचे शब्द आहेत. परक्या वहीत तेच शब्द जाहिरातबाजीचे म्हणून नोंदलेले असतात.

एक अडचण गणितातही आहे. एखादा शब्द चांगल्या मेलमध्ये एकदाही आला नसेल तर गुणोत्तर अनंत होतं आणि तो एकटाच सगळा निकाल फिरवतो. म्हणून कोणत्याही शब्दाला शंभर टक्के दोषी किंवा शंभर टक्के निर्दोष धरायचं नाही, अशी तजवीज केलेली असते. ग्रॅहम यांनी ही मर्यादा एक टक्का ते नव्व्याण्णव टक्के ठेवली होती, आणि कधीच न पाहिलेल्या शब्दाला चाळीस टक्के दिले होते. नवा शब्द बहुधा निरुपद्रवी असतो, असा त्यांचा अनुभव.

आधी हेडर वाचा

बिघाड शोधायला निघालेला माणूस सरळ सेटिंगमध्ये शिरतो आणि चार खटके इकडेतिकडे करतो. त्याआधी चुकलेला एक मेल उघडून त्याचा मूळ मजकूर पाहावा. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत हा पर्याय असतो, इतर ठिकाणी ‘सोर्स’ किंवा ‘हेडर’ या नावाने. तिथे मेलचा सगळा प्रवास आणि काही फिल्टरांच्या बाबतीत निकालही कारणांसह लिहिलेला असतो. जीमेलचा फिल्टर आपल्याला उघडून पाहता येत नाही, पण स्पॅमअसॅसिन आपली गुणपत्रिका ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत जशीच्या तशी देतो.

चौकट: गुणपत्रिकेत काय पाहायचं

ती ओळच नसेल तर फिल्टर चालूच नाही, किंवा हा मेल त्याच्यापर्यंत गेलेलाच नाही. शिकवणीचा प्रश्न नंतरचा.

ओळ आहे, पण ‘बेज’ने सुरू होणारी एकही खूण नाही: अनुभवाची वही अजून उघडलेली नाही.

‘बेज-५०’ अशी खूण: वही उघडली, पण फिल्टरला निर्णय करता आला नाही. ‘बेज-००’ म्हणजे चांगला असल्याची खात्री, ‘बेज-९९’ म्हणजे स्पॅम असल्याची.

‘यूआरआयबीएल-ब्लॉक्ड’ अशी खूण: बदनाम पत्त्यांची यादी चालवणाऱ्यांनी आपल्या चौकशीला उत्तर दिलेलं नाही. हजारो लोक वापरतात त्या सार्वजनिक डीएनएसमधून (म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते शोधून देणाऱ्या सेवेतून) विचारणा गेली की असं होतं. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस चालवला की उत्तरं मिळू लागतात.

गुणपत्रिका वाचली की एक जुनी तक्रारही सुटते. “इतकं शिकवलं तरी स्पॅम येतोच,” असं लोक म्हणतात. स्पॅमअसॅसिनच्या मूळ मांडणीत ‘बेज-९९’ला साधारण साडेतीन गुण आहेत आणि मर्यादा आहे ५. म्हणजे फिल्टरला शब्दांवरून पुरती खात्री पटली तरी नुसत्या तेवढ्यावर तो मेल अडवत नाही. नियमांकडून आणखी दीड गुण यावा लागतो. ही सावधगिरी मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती योग्य आहे. पण बदनाम यादीची उत्तरं येत नसतील तर तो दीड गुण बऱ्याचदा जमत नाही. मग दोष शिकवणीचा नसून डीएनएसचा असतो, आणि बिचारे सेक्रेटरी बटणं दाबत बसतात.

शिकवणी कुठे बिघडते

वही उघडायलाच एक अट आहे. स्पॅमअसॅसिन २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल पाहिल्याशिवाय तोंडच उघडत नाही. लोक उत्साहाने हजारभर स्पॅम शिकवतात आणि चांगला मेल शिकवायचा असतो हे त्यांच्या गावीही नसतं. चांगल्याचा आकडा चाळीसवर अडकलेला असतो आणि फिल्टर गप्प.

तांदूळ निवडायला नव्याने बसलेल्या मुलीला आपण नुसते खडे दाखवून भागत नाही. पांढरा खडा आणि तुटकी कणी यांतला फरक तिला दोन्ही बोटांवर घेऊनच कळतो. नाहीतर ती कण्याही खड्यांबरोबर टाकून देते. चांगले मेल न दाखवता शिकवलेला फिल्टर नेमकं हेच करतो. त्याच्या वहीत ‘ऑफर’, ‘बिल्डर’, ‘सही’, ‘तातडीने’ हे शब्द फक्त स्पॅमच्या रकान्यात असतात. मग खऱ्या बिल्डरचं खरं ऑफर लेटर आलं तर तो ते अडवणारच. चांगले मेल हुडकण्यासाठी फार लांब जायला नको: गेल्या दोन वर्षांचा, उत्तरं दिलेला पत्रव्यवहार हाच सगळ्यात उत्तम धडा.

दुसरी गडबड दिसत नाही, म्हणून ती जास्त छळते. शिकवण्याची आज्ञा देणारा माणूस सर्व्हरवर एका नावाने शिरतो आणि मेल तपासणारा फिल्टर वेगळ्याच नावाने चालत असतो. दोघांच्या वह्या वेगळ्या. शिकवणी एका वहीत साठत जाते, तपासणी दुसऱ्या, कोऱ्या वहीतून होते. सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं, चुकीचा कुठलाही संदेश येत नाही आणि परिणाम शून्य. ‘एसए-लर्न’ या शिकवणीच्या आज्ञेला वहीतला साठा विचारता येतो. किती स्पॅम आणि किती चांगले मेल नोंदले आहेत ते ती सांगते. फिल्टर ज्या नावाने चालतो त्याच नावाने हा आकडा विचारावा. तिथे शून्य आलं तर रोग सापडला.

तिसरी चूक चांगल्या हेतूने होते. अध्यक्षांना स्पॅम आला की ते तो सेक्रेटरींना फॉरवर्ड करतात आणि सेक्रेटरी तो ‘स्पॅम’ म्हणून फिल्टरला दाखवतात. पण फॉरवर्ड केलेल्या मेलवर मूळ पाठवणाऱ्याची ओळख राहत नाही. आता पाठवणारे असतात अध्यक्ष. त्यांचा पत्ता, खाली त्यांचं नाव, ‘आपला नम्र’, सोसायटीचा नोंदणी क्रमांक, सगळं स्पॅमच्या रकान्यात जातं. असे पंचवीस-तीस मेल शिकवले की अध्यक्षांचे स्वतःचे मेल स्पॅममध्ये पडू लागतात. मेल शिकवायचा तो मूळ रूपातच, फोल्डरमध्ये हलवून किंवा जोडपत्र म्हणून पाठवून.

चुकीचं शिकवलेलं पुसता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तोच मूळ मेल पुन्हा ‘चांगला’ म्हणून दाखवला की स्पॅमअसॅसिन आधीची नोंद काढून टाकतो आणि मग नवी करतो. सगळी वही फाडून नव्याने सुरुवात करायची गरज क्वचितच पडते.

आणि शेवटी स्वयंशिक्षण. फिल्टर काही मेल आपणहून शिकतो: गुण १२ किंवा अधिक असतील तर स्पॅम म्हणून, ०.१ पेक्षा कमी असतील तर चांगला म्हणून. वरचा आकडा काळजीपूर्वक ठेवलेला आहे, खालचा मात्र मला धोक्याचा वाटतो. बदनाम यादीची उत्तरं बंद असतील तर चलाखीने लिहिलेला स्पॅमही शून्य गुणांवर सुटतो आणि ‘चांगला’ म्हणून वहीत जातो. पुढच्या वेळी तसाच मेल आणखी सहज सुटतो. महिन्याभरात फिल्टर स्वतःच्या चुकीवर ठाम होतो. नवा फिल्टर बसवताना पहिले काही आठवडे स्वयंशिक्षण बंद ठेवून हाताने शिकवावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

मराठी शब्दाची तोडफोड

आता सुरुवातीला म्हटलेल्या तिसऱ्या गोष्टीकडे, फिल्टर शब्द कसे तोडतो याकडे, येऊ. वर मी ‘लॉटरी’, ‘म्हाडा’, ‘कन्नमवार’ असे अख्खे शब्द वहीत लिहिले. फिल्टर ते अख्खे लिहितो का?

मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प आहे. बहुतेक जण पायथन भाषेतलं सायकिट-लर्न हे साहित्य वापरतात. त्यात मजकुराचे शब्द पाडण्याची एक तयार रीत आहे: सलग दोन किंवा अधिक ‘अक्षरं’ दिसली की तो शब्द. इंग्रजीत ती झकास चालते. पण पायथनच्या या रीतीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं मानलेली नाहीत. सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ती ‘जोडचिन्हं’ या वेगळ्या वर्गात आहेत. त्यामुळे प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो.

‘लॉटरी’ घ्या. ल, मग ऑचं चिन्ह, मग ट आणि र, मग वेलांटी. चिन्हांपाशी तोडलं की उरतात ‘ल’ आणि ‘टर’. एकटं ‘ल’ नियमाने बाद. वहीत जातं फक्त ‘टर’. आता ‘मीटर’: म, वेलांटी, ट, र. पुन्हा ‘टर’. ‘ऑडिटर’मधून निघतात ‘ऑड’ आणि पुन्हा ‘टर’. ‘डॉक्टर’मधूनही ‘टर’. म्हणजे बक्षिसाच्या आमिषाचा मेल, पाण्याच्या मीटरची तक्रार आणि ऑडिटरच्या शंका या फिल्टरच्या दृष्टीने एकाच शब्दाच्या आहेत. ‘पुनर्विकास’मधून उरतं ‘नर’, ‘बिल्डर’मधून ‘डर’. आणि ‘नोटीस’, ‘बँक’, ‘पाणी’ या शब्दांतून काहीच उरत नाही, कारण त्यांत सलग दोन मोकळी अक्षरंच नाहीत. सोसायटीच्या पत्रव्यवहारातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द वहीत पोचतच नाहीत.

अशा फिल्टरला हजारो मराठी मेल दाखवा, तो सुधारणार नाही. बरं, तो बंदही पडत नाही. इंग्रजी मेलवर त्याचे निकाल सुरेख येतात आणि मराठीवर तो चाचपडत राहतो. मग दोष मराठीच्या अवघडपणावर जातो. वास्तविक दुरुस्ती एका ओळीची आहे. मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर शब्द तोडायचा, किंवा युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा पट्टा शब्दाचा भाग आहे असं प्रोग्रॅमला सांगायचं. प्रकल्प करणाऱ्या मुलांनी शिकवणी सुरू करण्याआधी दहा मराठी वाक्यं घालून काय तुकडे बाहेर पडतात ते एकदा पडद्यावर छापून पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे.

तयार फिल्टरांतही याची भावंडं आहेत. यूटीएफ-८ या सर्वत्र चालणाऱ्या साठवणुकीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पुनर्विकास’मध्ये सुटी चिन्हं दहा, म्हणजे तीस बाइट. स्पॅमअसॅसिनच्या जुन्या आवृत्त्यांत १५ बाइटांपेक्षा लांब शब्द अख्खा ठेवला जात नसे. इंग्रजीत पंधरा अक्षरांचा शब्द विरळाच. मराठीत सहाव्या चिन्हालाच ही मर्यादा ओलांडली जाते. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीत इंग्रजीबाहेरच्या लिप्यांची हाताळणी बरीच सुधारली आहे. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याने जुनी आवृत्ती चालवत राहण्याचं काहीच कारण नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एका कीबोर्डवरून त्यातला अर्धा र स्वतंत्र ‘ऱ’ चिन्हातून येतो, दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, वहीत मात्र दोन वेगळे शब्द होतात. ‘ॲप’चंही तसंच: पूर्ण ‘ॲ’ एकाच चिन्हात येतो, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. फोनवरून एक, ऑफिसच्या संगणकावरून दुसरा. नोंदी विभागल्या जातात आणि शिकवणी निम्म्याने पातळ होते. शब्द वहीत टाकण्याआधी अशी रूपं एक करून घ्यायला हवीत.

टाइपरायटरवर बसलेली बोटं

विक्रोळीत ज्यांचा विस्तीर्ण कारखाना आहे त्या गोदरेज अँड बॉइसने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत मराठी टंकलेखनाच्या परीक्षा देऊन आलेल्या पिढ्यांची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसली. संगणक आले तेव्हा याच बोटांना सोयीचे श्रीलिपी, कृतीदेव यांसारखे फॉन्ट आले. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतीदेवमध्ये ‘मुंबई’ लिहिलं की संगणकाच्या पोटात ई, क्यू, ए, सी, बी, झेड अशी अक्षरं जातात.

असा मजकूर मेलमध्ये चिकटवला की नियमांच्या फिल्टरला तो अर्थहीन इंग्रजी वाटतो, आणि अर्थहीन अक्षरांची भर घालून फिल्टरला चकवणं ही स्पॅमवाल्यांची जुनी युक्ती आहे. त्यामुळे गुण चढतात. अनुभवाच्या वहीला मात्र त्याचं वावडं नाही. ‘मुंबई’ दर वेळी त्याच सहा अक्षरांत येत असेल तर तो तिच्यासाठी कुठल्याही शब्दासारखाच एक शब्द. जुन्या फॉन्टमध्ये लिहिणाऱ्या टंकलेखकाचे पन्नासेक मेल ‘चांगले’ म्हणून शिकवले तर फिल्टर त्यांना ओळखू लागतो. खरा उपाय युनिकोडचाच, आणि त्यासाठी बोटांची सवय मोडावी लागत नाही. टाइपरायटरच्याच मांडणीत युनिकोड लिहू देणारे कीबोर्ड मिळतात.

मर्यादा कुठे ठेवायची

स्पॅम फार येतो म्हणून कुणी मर्यादा ५ वरून ३ वर आणतं. तसं करण्याआधी आपली कोणती चूक किती महाग पडते ते पाहावं. एक स्पॅम इनबॉक्समध्ये आला तर तो पुसायला दोन सेकंद लागतात. उलट आदर्श उपविधींनुसार विशेष सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. ती सूचना कुणाच्या स्पॅममध्ये पडली आणि तो माणूस आठवड्यातून एकदाच तिथे डोकावत असेल, तर सभा त्याच्याविना होऊन जाते. म्हणून मर्यादा खाली आणण्यापेक्षा ती ५ वरच ठेवावी आणि शिकवणी सुधारावी. आणि काहीही झालं तरी स्पॅम परस्पर नष्ट करण्याचा पर्याय निवडू नये. जीमेल तो तीस दिवस ठेवतो. स्वतःच्या सर्व्हरवर त्याहून जास्त ठेवायला हरकत नाही.

आपलाच मेल स्पॅममध्ये जातो तेव्हा

हीच तक्रार उलट बाजूनेही येते: सोसायटीने सभासदांना पाठवलेली सूचना सभासदांच्या स्पॅममध्ये. इथे शिकवणी आपल्या हातात नसते, पण ओळखपत्रं असतात. या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, हे डोमेनच्या नोंदींत लिहिलेलं असतं. त्याला एसपीएफ म्हणतात. वाटेत मजकूर बदललेला नाही, हे सिद्ध करणारी संगणकी सही म्हणजे डीकेआयएम. आणि ही दोन्ही जुळली नाहीत तर मेलचं काय करायचं, हे सांगणारी सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गुगलच्या हिशेबाने दिवसाला सुमारे पाच हजार किंवा अधिक) मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली आहेत. सोसायटी एवढे मेल पाठवत नाही, तरी ओळखपत्रं नसलेल्या मेलकडे संशयाने पाहिलं जातं ते सगळ्यांच्याच.

या नोंदी एकदाच करायच्या असतात आणि डोमेन जिथून घेतलं त्यांच्याकडून करून घेता येतात. झाल्या की सोसायटीच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवावा, मूळ मजकूर उघडावा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ लिहिलंय का ते पाहावं. तिन्ही दिसल्यावरच सभेची सूचना रवाना करावी, आणि सभासदांना तिला एका ओळीचं उत्तर पाठवायला सांगावं. ज्या पत्त्याशी आपली उत्तरं-प्रत्युत्तरं झालेली आहेत त्याचा पुढचा मेल अडकण्याची शक्यता बरीच कमी होते.